ड्रॉवर नंबर सतरा

मे महिन्यात हे ड्रॉवर उघडायचे नसतात,
लाकूड तडकतं. तरी उघडला.

कापसावर तो शंख:
तुरीच्या डाळीएवढा,
शेंगदाण्याच्या सालाच्या रंगाचा,
तोंडाशी दोन बारीक दात.
चिठ्ठीवर विटलेली निळी शाई:
खाजण, वेंगुर्ल्याकडे. ओहोटी. जिवंत.
तारीख कसरीनं खाल्ली,
'जिवंत' तेवढं सोडलं.

या गोगलगायीला कल्ले नसतात.
राहते खाऱ्या चिखलात, श्वास घेते हवेत
आणि पाण्याला भिते.
भरती यायच्या आधीच
कसं कोण जाणे, तिला कळतं.
गवताची काडी धरून वर चढते, थांबते,
पाणी उतरलं की परत चिखलात.
सगळा जन्म
एक वीत वर, एक वीत खाली.

चिमट्यातून निसटला.
पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

डोंगरवार गुडघ्यांवर बसले,
मोबाईलचा टॉर्च फरशीला टेकवून.
"काऊन घाबरून राह्यल्या मॅडम?
जाऊन जाऊन कुठी जाईन?
नागपुरातून समुद्र चहूकडून दूरच."

सापडला कूलरखाली,
जिथं बोअरचं पाणी गळून गळून
भिंतीवर दर उन्हाळ्याची
एक पांढरी खारट रेघ उमटलीय.
सगळ्यांत खालच्या रेघेला,
पोपड्याला टेकून पडला होता.

डोंगरवारांनी बोट लावलं.
घामाला चिकटून शंख वर आला.
"याच्यात म्हणे समुद्र ऐकू येते,"
असं म्हणत त्यांनी तो कानाशी नेला.
"कूलर बंद करा बरं जरा."

केला.
खोलीभर एकदम पंचेचाळीस अंश शांतता.
बाहेर सिव्हिल लाइन्सच्या रस्त्यावर
कुणी सायकलसुद्धा चालवत नव्हतं.

"काहीच नाही बाप्पा. भल्ला लहान आहे."
तरी बोट खाली घेतलं नाही.
अठ्ठावीस वर्षं हे शंख पुसले या माणसानं,
पलीकडे कधी वर्ध्याच्या पुढे गेला नाही.

त्यांच्या कपाळावरून घाम सुटला,
पिकल्या कल्ल्यांच्या कडेनं
हळूहळू उतरू लागला
बोटाच्या दिशेनं.
मला सांगायला हवं होतं,
नमुना ओला करायचा नसतो.
मी गप्प उभी,
शंखाच्या तोंडाकडे बघत:
आता तिला कळेल,
आता चढेल.