फेरी

आमची मुलगी पाळण्यात झोपत नाही.
पाळणा चांगला आहे, मावशीने गुहागरहून पाठवलेला,
वर चार कापडी पोपट, एकाची चोच उसवलेली.
तिलू त्या पोपटांकडे बघते
आणि कुणीतरी फसवल्यासारखी रडते.

ती झोपते फेरीबोटीत.
हे कळलं लसीच्या दिवशी.
धोपाव्याहून दाभोळला निघालो,
लोखंडी फळी खडखडत वर आली, इंजिन घरघरलं,
आणि माझ्या मांडीवरचं रडणं
अर्ध्या हुंदक्यात थांबलं.
सुदेश पुटपुटला, हलू नकोस.
पलीकडचा धक्का लागेपर्यंत
मी श्वास मोजून घेतला.

तेव्हापासून आमच्या सहलीचं ठिकाण ठरलेलं.
लोक लांबून येतात गाड्या घेऊन,
त्यांना पलीकडे देऊळ असतं, किनारा असतं, उकडीचे मोदक असतात.
आम्हाला पलीकडे काही नको असतं.
उतरतो, एक चहा दोघांत, पुन्हा चढतो.
मुश्ताकभाईंनी पहिल्या रविवारी तिकिटं फाडली,
दुसऱ्या रविवारीही,
तिसऱ्या रविवारी पैसे घ्यायला विसरले,
आणि इतकं मनापासून विसरले
की आम्हालाही विसरावं लागलं.

सुदेशची बर्फाच्या कारखान्यात रात्रपाळी.
सकाळी येतो तेव्हा हात इतके गार
की तिलूला घेण्याआधी तव्याच्या वाफेवर धरतो.
मी भाकरी उलटते, म्हणते, आता दुसरी बाजू.
तो हात उलटे करतो.
हल्ली आमचं प्रेमाचं बोलणं एवढंच.
बाकी सगळे हिशोब:
किती वाजता, किती चमचे, रंग कसा होता.
लग्नाआधी हाच माणूस
मला तासभर वाऱ्यांची नावं सांगायचा.

परवाच्या रविवारी ती झोपलीच नाही.
इंजिन लागलं, फळी वर आली,
आणि ही माझ्या खांद्यावरून मान उंच करून
पाणी बघायला लागली,
जणू आजवर कुणी सांगितलंच नव्हतं
की घरघरीखाली एवढं काहीतरी आहे.
मी म्हटलं, झोप गं बाय.
सुदेश म्हणाला, झोपेल.
मग कोण बोललं, आठवत नाही.

जाग आली तेव्हा माझी मान त्याच्या खांद्यावर,
त्याचं तोंड उघडं,
मांडीवर नुसतं दुपटं.

त्या एका क्षणाबद्दल मी कुणाशी बोलत नाही.

ती टपांच्या मागे होती,
भागीरथीमावशीच्या मांडीवर ऐसपैस.
बांगड्यांचं टप रिकामं झालेलं,
मावशी त्याच्या बुडावर बोटांनी ताल धरत होत्या
आणि तिलू दोन्ही तळव्यांनी त्यांना चुकवत होती.
"निजा गो," मावशी म्हणाल्या, "अजून एक खेप हाय."
मी विचारलं, कितवी?
मुश्ताकभाईंनी बोटं दाखवली. चार.
चार वेळा खाडी ओलांडली होती आम्ही,
गाड्या चढल्या, उतरल्या, भोंगे वाजले,
कुणीतरी आमच्या पायांपाशी
नारळाचं पोतं ठेवून परत नेलं होतं,
आणि आम्ही दोघं बाकावर
आईबापांनी सोबत आणलेल्या पोरांसारखे.

मी सुदेशला उठवलं नाही.
दुपटं त्याच्या गुडघ्यांवर टाकलं.
भरती लागली होती,
बोट धक्क्याला टेकायला जरा वेळ घेत होती.

रात्री तिचे कपडे बदलताना
एक मोजा नव्हता.
आणि कानामागे, जिथे मी तीट लावते,
तिथे एक खवला चिकटलेला, नखाएवढा,
दिवा हलला की निळा, नाहीतर काहीच नाही.
काढायला बोट नेलं.
तिलू जागीच होती. माझ्याकडे बघत.
राहू दिला.