सगळ्यात मागची गाडी

अनंत चतुर्दशीच्या झांक्या निघून गेल्या,
त्यानंतरच्या रविवारी, पहाटे पाचला,
तेजाजी नगरच्या पंपावर सहा गाड्या.
अख्तर म्हणाला, भाभी, आप पीछे रहना.
आपको गिनना आता है.

येतं. एकतीस वर्षं सियागंजच्या शाखेत
नोटा मोजल्या मी, प्रत्येक गड्डी दोनदा,
अंगठा ओल्या स्पंजवर, ओठ मिटलेले.
मोजताना बोललं की आकडा सांडतो.

आता लाल दिवे मोजते.
अख्तर, डॉक्टर पागे, हेमांगी,
बुळ्यांचा थोरला, बुळ्यांचा धाकटा.
पाच. वळणानंतर पुन्हा, पाच.
माझ्या आरशात कुणीच नसतं,
फक्त घाट, मागे मागे राहणारा.

सिमरोलनंतर डांबर संपलं.
मग मुरूम, मग काळी माती,
मग नुसतेच दगड, ज्यांना गाववाले रस्ता म्हणतात,
आणि त्यांचं बरोबर असतं,
कारण त्यावरून वरात जाते,
बाळंतीण जाते, गॅसची टाकी जाते.
आम्हीच तेवढे
खास बूट घालून आलो होतो.

मागच्या गाडीला मिळतं ते पुढच्यांचं सांडलेलं:
हेमांगीचा एक हातमोजा,
डॉक्टरांच्या नंबरप्लेटचा अर्धा तुकडा,
आणि बाभळीच्या फांदीला अडकलेली कुणाची तरी शिवी,
अजून ऊन ऊन.

हेल्मेटमध्ये मी बोलत असते.
हे कुणाला माहीत नाही.
दगडाशी, क्लचशी, शाखेतल्या जुन्या साहेबांशी.
चौथीच्या प्रगतिपुस्तकावर बाईंनी लिहिलं होतं,
उथळ पाण्याला खळखळाट फार.
वडिलांनी मोठ्यानं वाचलं, खाली सही केली,
आणि मी गप्प झाले.
बरीच वर्षं.

चोरल तीनदा आडवी आली.
नावच असं, की कुणीतरी काही चोरलंय
आणि कबूलही करतंय.
पहिल्यांदा तिनं मोज्यांतली ऊब नेली,
दुसऱ्यांदा शेव-परमलची पिशवी.
तिसऱ्यांदा ती रुंद होती.
धाकट्यानं जागा निवडली
जिथं पाणी इस्त्री केल्यासारखं शांत.
मधोमध गाडी घोटभर प्याली
आणि बसली.

आम्ही कमरेपर्यंत आत. ओढली, काठावर आडवी पाडली.
अख्तरनं प्लग काढला, किक मारली,
तशी भोकातून नदीची चूळ
थेट थोरल्याच्या तोंडावर.

तेवढ्यात पलीकडून दूधवाला आला.
दोन्ही अंगांना टाक्या, चपला हँडलला,
शंभर सीसीची गाडी, मडगार्ड नाही.
थांबला नाही. तिरका आला,
जिथं पाणी ओरडत होतं, दगडांवर डोकं आपटत होतं,
नेमका तिथूनच.
टाचा भिजल्या असतील फार तर.

वाँ से कायको गए? तो म्हणाला.
जाँ बोल रिया है, वाँ उथला है.
चुप है वाँ तो भैंस डूब जाए.
नाव गेंदालाल. दूध फाटेल म्हणून निघालासुद्धा.

मला बाई आठवल्या.
कुणाला न विचारता गाडी पहिल्या गिअरात टाकली
आणि त्या खळखळाटात घातली.
चाकाखाली दगड सरकत होते,
पण होते.
नदी बोलत होती, मी बोलत होते,
दोघीही एकदमच, कुणी कुणाचं ऐकत नव्हतं,
माहेरी दुपारी बसतात तसं.
पलीकडे पोचून आरशात पाहिलं:
पाच डोकी.
पहिल्यांदाच माझ्या मागे कुणीतरी.
मग त्याच वाटेनं परत आले.

धाकट्याची गाडी सुरू झालीच नाही.
दोर बांधून नेली.
घाटात अंधार पडला तेव्हा
माणसं पाच, दिवे चार.
हिशेब जुळत नव्हता.
मी दोनदा मोजलं नाही.

तेजाजी नगरच्या पंपावर
बुटांतली नदी ओतली, हेल्मेट काढलं.
हेमांगी म्हणाली, काकू, कुणाशी?
तेव्हा कळलं, माझं बोलणं
काच वर झाली तरी चालूच होतं,
आणि पंपावरचा मुलगा
नोजल हातात धरून थांबला होता,
पुढे काय झालं म्हणून.