बेंबीची वाटी

फैलका बेटावर दिवस उजाडतो टँकरच्या हॉर्ननं.
पिण्याचं पाणी निळ्या पिंपात, वापरायचं पांढऱ्या,
आणि खापरं धुवायच्या दोन बादल्या,
त्यांना सही वेगळी लागते.
मी देवगडचा. हात बरा, एवढ्या भांडवलावर
कुवेतच्या या टोकाला येऊन खापरांची चित्रं काढतो:
अर्धं आतून, अर्धं बाहेरून, मधे एक उभी रेघ.

बावीसशे वर्षांमागं इथं ग्रीक शिपाई होते म्हणे.
देऊळ होतं, देवळापुढं वेदी.
तिचे दगड आता गुडघ्याएवढे.
घरापासून इतक्या लांब, की देवसुद्धा
बोटीतून आणावे लागले असणार.
नवसही बेताचेच. चाळणीत राहतं ते बघा:
बोटाएवढा मातीचा बैल, खरा परवडला नसेल.
मातीचा एक कान.
कुणाचा तरी ठणकत होता,
किंवा कुणाला वाटत होतं, देवानं ऐकावं.

आमच्याकडं गुरव गाऱ्हाणं घालतो,
बा देवा म्हाराजा, दर्यापलीकडं गेलेल्या लेकरांक सांभाळ,
आणि सगळे म्हणतात, व्हय म्हाराजा.
याला ग्रीकांत काय म्हणत, मी मादाम क्लोदीनला विचारलं.
तिनं सांगितलं. मला उच्चार जमला नाही.

बुधवारी ती वाटी निघाली.
उथळ, पसरट, कान नाही, बैठक नाही,
आत बुडाच्या मधोमध फुगवटा,
तान्ह्या बाळाची बेंबी वर आलेली असते तसा.
यातून देवाला द्राक्षारस ओतत, मादाम म्हणाली,
थोडा जमिनीला, उरलेला आपल्याला.
धरत कशी, यावर मात दोन तज्ज्ञांचं चांगलंच वाजलं.

तेवढ्यात दिलावर परकार चहा घेऊन आला.
बाणकोटचा, पूर्वी लाँचवर तांडेल, आता आमचा आचारी.
हात लुंगीला पुसले, वाटी उचलली
(मादामनं डोळे मिटून घेतले),
मधलं बोट खालून बेंबीच्या खळग्यात,
अंगठा काठावर,
आणि मनगट जरासं वळवलं.
जसं काही रोजचंच.

रोजचंच होतं.
कपातला पहिला घोट तो संध्याकाळी धक्क्यावरून
समुद्रात सोडतो, मी पाहिलंय.
"मौलवी रागावतात. आपल्यात नाही हे, म्हणतात.
मी म्हणतो, धर्माचं कुठं काय?
आमच्यात कबरीवर पाणी शिंपडतात. कबर दाखवा मला.
भाऊ माझा याच आखातात आहे, शहाण्णवपासून.
आणि बिनसाखरेचा त्याला चालायचा नाही."

पाणी सोडणं मराठीत दोन तऱ्हांचं.
एक ओंजळीतून, अंगठ्याकडून, नाव घेऊन.
दुसरं,
एजंटाला मोजलेल्या सव्वा लाखावर,
बायकोच्या पाटल्यांवर,
मुलीच्या पहिलीपासून सातवीपर्यंतच्या वाढदिवसांवर.
हे दुसरं मी पुष्कळ केलं.
पहिल्याची वेळ आली तेव्हा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात होता.
दादानं खाडीकाठी फोन उभा धरायला लावला कुणाला तरी.
मला दिसले दर्भ, दादाचं कोपर,
एक कावळा, बहुतेक कावळाच,
मग रेंज गेली.

दिवेलागणीला चित्र पुरं केलं.
व्यास सोळा सेंटिमीटर, जाडी चार मिलिमीटर,
रंग भाजल्या विटेचा.
काय ओतलं, कुणासाठी,
असा रकाना तक्त्यात नाही.
वाटी धुतली. पाणी बेंबीभोवती गोल जमलं,
मधे फुगवटा कोरडा,
विमानातून हे बेट दिसलं होतं तसा.
उरलेलं बादलीत परत, हा नियम.
मी वाटी घेऊन वेदीपाशी गेलो
आणि कलती केली,
अंगठ्याकडून.
आईचं नाव मोठ्यानं घ्यायला आवाज सापडेना.
वाळूनं वाट पाहिली नाही.

वहीत लिहिलं: पाणी, अर्धी वाटी, सांडलं.
परकारनं खांद्यावरून वाचलं,
पेन मागितलं,
खाली सही केली.
खापरांच्या पाण्याला सही वेगळी लागते.