रास्त झीज

माझं काम रिकाम्या घरांत.
भाडेकरू गेल्यावर आणि नवा येण्याआधी
जो एक दिवस घर कुणाचंच नसतं
त्या दिवशी मी जातो, कॅमेरा, टॉर्च, वही घेऊन,
आणि लिहितो:
गालिचा, दारापाशी विरलेला.
भिंत, सोफ्याच्या उंचीवर तेलकट.
नळ गळतो. पूर्वीही गळत होता.

कायद्यात याला नाव आहे, रास्त झीज.
माणूस राहिला की घर थोडं झिजणारच,
त्याचे पैसे मागायचे नाहीत.
हलच्या धक्क्यावर बावीस वर्षं मासळीच्या पेट्या उचलून
माझा उजवा गुडघा गेला,
तेव्हा हे नाव कुणी काढलं नव्हतं.

स्प्रिंग बँकमागच्या त्या घरात इल्गा राहायची.
रीगाची नव्हे, सगळे तसंच धरून चालतात,
त्याच्याही पलीकडच्या कुठल्याशा गावची.
कॅरव्हॅनच्या कारखान्यात खिडक्या बसवते.
दिवसाला चौदा घरं तिच्या हाताखालून जातात, चाकांवरची,
आणि सुट्टीत त्यातल्या एकाचंही भाडं तिला परवडत नाही.

स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या.
रैविस, पाच. रैविस, सहा.
सातव्या वर्षी पोरगं एकदम चार बोटं वाढलेलं.
मी लिहिलं: पेन्सिल. ओल्या फडक्यानं जाईल.

एजंटच्या हिशेबात तिचं ‘विद्रूपीकरण’ झालं होतं.
रंगाचे पाचशे सोळा.
साफसफाई एकशे वीस. चावी परत घेण्याची फी साठ.
फाइल बंद करण्याची फी पंचेचाळीस.
फाइल बंद करायला पैसे!
साडेसातशेच्या अनामतीतून उरले नऊ पौंड
आणि पुढील वाटचालीस शुभेच्छा.

अनामत म्हणजे जपायला दिलेली वस्तू.
एवढंच इल्गा म्हणत होती, तिच्या मोडक्या इंग्रजीत.
त्या ऑफिसचे उंबरठे तिनं झिजवले
(त्या झिजेचं बिल अजून आलेलं नाही)
आणि काउंटरवरचा फिन्ली दर खेपेला हात वर करी.
मालक स्पेनमध्ये. मालकाला विचारावं लागेल.
मालक फोन उचलत नाही.

ग्रंथालयाच्या माडीवर दर गुरुवारी फुकट सल्ला मिळतो.
तिथल्या विनिफ्रेड थ्वेट, एके काळच्या गणिताच्या बाई,
कानात यंत्र,
सगळं ऐकून न घेताच विचारत्या झाल्या:
“तुझी अनामत कुठल्या योजनेत ठेवली होती?”
कुठल्याच नव्हती.
तीस दिवसांत ठेवायची असते, सुरक्षित, तसा कागद देऊन.
नाही ठेवली तर कोर्ट तिपटीपर्यंत दंड लावू शकतं.
आणि त्या फिया? त्या मागायलाच बंदी आहे, किती वर्षं झाली.
बाईंनी साडेसातशे गुणिले तीन
पाकिटाच्या पाठीवर मांडून दाखवलं,
हातचा एक धरून.

शुक्रवारी फिन्लीचा मला फोन.
अहवालात एक शब्द बदलतोस का,
‘पेन्सिल’च्या जागी ‘कायमस्वरूपी खुणा’?

पूर्वी मी बदललेत शब्द.
सांगू नये, पण सांगतो. दोनदा.
एकदा बुरशीसाठी लिहिलं, भाडेकरू खिडक्या उघडत नसत.
ओल बाहेरून येत होती, मी बोट लावून पाहिलेली.
गॅसचं बिल मलाही येतं.

या वेळी म्हटलं, पाठवलाय तो पाठवलाय.
त्या ऑफिसचं काम मला आता येत नाही.

इल्गाला पैसे मिळाले. साडेसातशे, आणि वर काही.
किती ते कुणाला सांगायचं नाही असं ठरलंय म्हणे,
आणि ती सांगत नाही. नुसती हसते.

मार्चात मालकानं एजंट बदलला.
नव्यानं बोलावलं ते मलाच, त्याच घरात.
चौकटीला पांढरा रंग, एकच हात, तोही कंजूष.
तिरका उजेड टाकला की खालून रेघा दिसतात,
पाच, सहा, आणि मग ती उंच उडी.
नव्या भाडेकरूचं नाव अजून कागदावर नव्हतं.
टॉर्च दातांत धरून मी लिहिलं:
चौकट, नवा रंग. खाली पेन्सिलीच्या खुणा.
आधीच्या.