कानकाठी

पाळकसाहेब म्हणाले, अमोलिक, येत्या रविवारी साक्ष द्या.
हो म्हणालो, आणि रविवारी शरणपूरच्या चर्चमध्ये
खोकल्याचं निमित्त करून
शेवटच्या बाकावर बसून राहिलो.

मला बोलता येत नाही. एकतीस वर्षं मी
महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात ऐकायचं काम केलं.

रात्री दोननंतर, त्र्यंबक नाक्यावरची शेवटची रिक्षा गेली
की आम्ही निघायचो: मी, टॉर्च धरणारा बाळू धात्रक,
आणि चार फुटांची लोखंडी सळई,
एका टोकाला पितळी वाटी.
खात्यात तिला कानकाठी म्हणत.
सळई व्हॉल्व्हवर टेकवायची, वाटीला कान लावायचा,
श्वास रोखायचा.
धड पाणी गुणगुणतं. फुटलेलं
दात मिटून सुस्कारतं.
गंगापूर धरणाचं पाणी शहरभर अंधारात चालतं
आणि कुठं दुखतंय ते कुणाला सांगत नाही.

घरी मात्र गुडघे टेकले की माझी मोटार सुरू व्हायची.
मुलाची नोकरी, सुवार्ताची साखर,
प्रमोशन, प्लॉटचा सातबारा,
आमेन, आणि दिवा बंद.
एवढ्या गोंगाटात मी रस्त्यावर
एकही गळती शोधली नसती.

लेंटचा चौथा आठवडा.
जुन्या नाशकात, काझीपुऱ्याच्या बोळात,
कमी दाबाची तक्रार.
एका मीटरवर कान लावला
तर त्यात पाणी नव्हतंच.
ठक. ठक ठक.
मग बराच वेळ काही नाही.
मग एकदा, दमलेलं, ठक.

बाळू म्हणाला, लाईनीत हवा असेल.
मीही तेच लिहिणार होतो,
पेन खिशातून काढलंही होतं.
पण पुन्हा वाकलो. का, ते विचारू नका.
मला कुणी नावानं हाक मारली नाही,
उजेड पडला नाही. एक कुत्रं तेवढं उठलं
आणि दुसऱ्या पायरीवर जाऊन झोपलं.

कडी आतून होती. बाळूनं खांदा लावला.
मोरीत कुलसुमबी पडलेली, खुबा मोडलेला,
हातात तांब्या,
तो संध्याकाळपासून नळावर आपटत होती.
घशातला आवाज केव्हाच संपला होता.

नोंदवहीत मी लिहिलं: गळती आढळली नाही.

सिव्हिलमध्ये ती तीन आठवडे होती, मग घरी.
दर गुरुवारी मी जायचो. पहिल्या गुरुवारी
आपण पुण्य करतोय असं मला वाटत होतं,
ते तिनं ओळखलं
आणि भांडी घासायला लावली.
पुढं नुसता जाऊ लागलो. माठ भरायचा,
तिच्या पायाची नखं कापायची,
खाटेची दोरी ताणून बांधायची.
ती बोलायची. गेलेला नवरा, भिवंडीची लेक,
विड्या वळून वाकलेली बोटं,
एकच गोष्ट पाच पाच वेळा.
पाचव्या वेळी कुठंतरी आवाज बदलायचा
आणि मला कळायचं, इथं.
इथं खणायचं नाही. बसायचं.

एकदा म्हणाली, तू असा मुका,
तुझा खुदा तुझ्याशी बोलतो तरी काय?
म्हटलं, शब्द नाही कळत, बी. ठकठक ऐकू येते.
मग उघड की, म्हणाली,
आणि दूध नासवलं म्हणून मला शिव्या दिल्या.

ती गेली त्याला तीन वर्षं होतील.
कानकाठी मी निवृत्तीच्या दिवशी स्टोअरला जमा केली,
पावती आहे.
आता गुडघे टेकतो आणि श्वास रोखतो.
बहुतेक दिवशी फ्रिजची घरघर, सांध्यांची कुरकुर.
झाली का प्रार्थना, सुवार्ता विचारते.
थांब, म्हणतो, लाईन तपासतोय.

डावा कान आता जातोय. उजवा आहे अजून.
परवा साक्षीचं विचारायला पाळकसाहेब घरी आले.
चहा घेता घेता तिसऱ्यांदा म्हणाले,
हल्ली झोप लागत नाही, अमोलिक, तसं काही विशेष नाही.

मी खुर्ची थोडी पुढं ओढली,
उजव्या बाजूनं.