पाठची

चाळीस वर्षं मी जुन्या नोटा जमवतो,
खरं तर गावं जमवतो.
तेव्हा इथे गावोगावची बँक
आपल्या नावाची नोट काढायची.
वॉशिंग्टनहून छापील ताव यायचा,
कॅशियर टाकाने सही करायचा
आणि कात्रीने एकेक नोट सुटी.
गाव मोडलं तरी नोटेवर नाव ठसठशीत.

कॅल्डर फोर्क, नेब्रास्का.
रेल्वे नऊ मैल उत्तरेने गेली
तेव्हा लोकांनी घरं ओंडक्यांवर चढवली
आणि घोडे जुंपून ओढत नेली.
मागे राहिली फक्त बँकेची तिजोरीची खोली,
मक्याच्या शेतात, बिनदाराची.

तिथली दहाची नोट माझ्याकडे आहे.
अठराशे सत्त्याऐंशी. क्रमांक चारशे सतरा, अक्षर ए.
डावीकडे पतंगाच्या दोरीवरून वीज उतरवणारा म्हातारा,
मागे तपकिरी वेलबुट्टी,
आणि अँब्रोझ लिंडक्विस्टची सही,
'टी'वरची आडवी रेघ मारायची राहून गेलेली.
माझ्या वहीत तिच्यापुढे शाईने लिहिलंय:
ज्ञात — एक. कड सदोष.

त्या 'एक'साठी
छप्पर गळकं ठेवलं,
ग्लेनिसला डेन्व्हर दाखवायचं
दर उन्हाळ्यात पुढच्या उन्हाळ्यावर ढकललं.

मार्चमध्ये ऑर्फा स्टेंगरचा फोन आला.
बटणांच्या डब्यात, तळाशी, काहीतरी सापडलंय,
खरं आहे का, बघाल?
दोनशे मैल. रस्त्याच्या कडेला बर्फाचा काळा चिखल.

"तुम्ही येणार म्हणून इस्त्री फिरवली," ती म्हणाली.
मी टेबलाचा कोपरा धरून उभा राहिलो.
मग चष्मा पुसला.
कॅल्डर फोर्क. चारशे सतरा.
अक्षर बी.

एकाच तावावर
एकीखाली एक छापलेल्या.
मी माझी प्लास्टिकच्या कवचातून काढली,
विकत घेतल्यापासून पहिल्यांदा.
लिंडक्विस्टची कात्री त्या दिवशी भरकटली होती:
माझीच्या खालच्या कडेला किंचित पोट सुटलेलं.
लिलावात याच दोषावर मी तीनशे डॉलर कमी करून घेतले होते.
ऑर्फाच्या नोटेला, वरच्या कडेला,
तेवढीच खळी.

सरकवल्या.
बसल्या.

अशी नोट मी आजवर एकुलती समजत आलो.
ही तिच्या पाठची.

ऑर्फाने कॉफी ओतली, टेबलापासून लांब उभी राहून.
"डब्यात दोन होत्या," ती म्हणाली.
"एक आमच्या लायलने मोडली, एकावन्न साली,
चार जुलैच्या फटाक्यांसाठी."
"अक्षर कुठलं होतं?" माझ्या तोंडून निघून गेलं.
"नऊ वर्षांचा होता हो तो," ती हसली,
"त्याला वाती दिसत होत्या, अक्षरं कुठली?"

मी आकडा सांगितला. मग तो वाढवला.
तिने मान हलवली.
"विकायची नाहीये. खरी आहे का, एवढंच हवं होतं."
"खरी आहे."
"मग कॉफी निवेपर्यंत राहू देत दोघी अशाच."

निवली. तिने तिची उचलली,
आणि वर मूठभर बटणं टाकली.

घरी येऊन वही उघडली.
ज्ञात दोन म्हटलं की माझीची किंमत निम्म्यावर येते.
आणि कळणार कुणाला?
बटणं काही बोलत नाहीत.
उगाच पेन्सिलीला टोक करत बसलो, नंतर पुन्हा.
'एक'वर काट मारून लिहिलं: दोन.
शाईने लिहायला हात धजला नाही.

'कड सदोष' मात्र ब्लेडने खरवडू लागलो,
हळूहळू, एकेक अक्षर,
ते गेलं
तेव्हा कागदाला तिथे भोक पडलं होतं.