काच कुठली लावू

इर्बिदच्या विद्यापीठ रस्त्यावर, शवर्मावाल्याला लागून
माझं चौकटींचं दुकान.
जून आला की पदव्या येतात,
नळकांड्यातून, कोटाच्या आतून, एकदा तर
पावाच्या पिशवीतून, तिळांसकट.
मी विचारतो, काच कुठली लावू?
साधी चार दिनार, न चमकणारी सात.
आया म्हणतात, सात.
बाप खिसा चाचपतात.

मी नववीत शाळा सोडली.
लाकूड पंचेचाळीस अंशात कापायला
अबू नजीबकडे सहा वर्षं गेली,
आणि हे बोट, अर्धं.
हेच माझं प्रमाणपत्र, चौकट लागत नाही,
असं गिऱ्हाइकांना ऐकवतो. हसतात.
दुकान मिळालं ते मामामुळे,
त्याची नगरपालिकेत ऊठबस होती.
हे ऐकवत नाही.

तहानी स्थापत्य अभियंता. सातवाली काच.
दोन वर्षांनी परत आली, मला वाटलं फुटली असेल.
म्हणाली, माणूस हवाय का दुकानात?
अम्मानमध्ये सगळे विचारतात, अनुभव किती,
आणि मग आवाज खाली आणून,
आत तुमचं कोण आहे?
वशिल्याला आम्ही जीवनसत्त्व म्हणतो इकडे,
ते नसलं की हाडं मऊ राहतात.

मी म्हणालो, पोरी, या कामाला अनुभव लागतो.
म्हणालो, आणि जीभ चावली.
ती टेबलाकडे बघत होती.
पर्समधून एक नाणं काढून तिने उभं सोडलं.
ते घरंगळत गेलं, उजवीकडे, खाली पडलं,
शवर्मावाल्याच्या मांजरापाशी थांबलं.
अबू मुहन्नद, फरशीला उतार आहे.
ओला सांधा रात्रभर सरकत असणार.
बावीस वर्षं मी लाकडाला शिव्या घालत होतो,
कधी डिंकाला, कधी हवेला.

टेबलाच्या पायाखाली तिने
एका कागदाची घडी घालून सरकवली.
तिचा बायोडेटा. पिशवीत आणखी तीस-चाळीस होते.
अजून दोन लागले.

त्या रात्री मामाला फोन केला, कुणी ओळखीचं?
मामा म्हणाला, निवृत्त माणसाचा फोन
आता डॉक्टरसुद्धा उचलत नाही रे.

शनिवारपासून तहानी येते. पगार फार नाही,
तिला माहीत आहे, मलाही.
सांधे मात्र बसतात.
जूनमध्ये काउंटरवर तीच असते.
काच कुठली लावू, विचारते,
आणि आयांनी तोंड उघडायच्या आत
म्हणते, साधी लावा.